४ डिसेंबर १९७१ : युद्धाचा एक अख्खा दिवस एका कागदावर कसा मांडायचा

दरवर्षी ४ डिसेंबरला नौदल दिन येतो, १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धात आपल्या नौदलाने कराचीवर केलेल्या हल्ल्याचे मेसेज फिरतात, आणि दुसऱ्या दिवशी राजस्थानातल्या लोंगेवालाच्या लढाईचे फिरतात. दोन्ही गोष्टी आपल्याला पाठ असतात. पण मी आजवर ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या फार थोड्यांच्या लक्षात आलं होतं की ह्या दोन्ही गोष्टी एकाच रात्रीच्या आहेत, म्हणजे कराचीच्या समुद्रात मिसाइल सुटत होती तेव्हाच इकडे थरच्या वाळवंटात आपली एक पेट्रोल पार्टी रणगाड्यांचा आवाज कान लावून ऐकत होती, आणि त्याच दिवशी सकाळी बंगालच्या उपसागरात विक्रांत ह्या विमानवाहू जहाजावरून विमानं उडाली होती, आणि त्याच दिवशी पंजाबात सीमेवरचं हुसैनीवाला आपल्या हातातून जात होतं. आपण युद्ध गोष्टी-गोष्टींनी शिकतो, तारखेने शिकत नाही. म्हणून मी गेली काही वर्षं एक दिवस घेतो आणि तो अख्खा एका कागदावर मांडतो. कसं करायचं ते खाली सांगतोय, उदाहरण ह्याच दिवसाचं.

सामान फार लागत नाही. मोठा ड्रॉइंग पेपर (छोट्या वहीत हे बसतच नाही, प्रयत्न करू नका), शिसपेन्सिल, खोडरबर, दोन रंगाचे पेन, शाळेच्या अॅटलासमधला भारतीय उपखंडाचा नकाशा, आणि त्या वर्षीचं पंचांग किंवा चंद्राच्या तिथी दाखवणारी कुठलीही साइट. पंचांग कशाला ते पुढे येईलच. वेळ म्हणाल तर दोन-तीन संध्याकाळी धरा. एका बैठकीत उरकायला गेलात तर फक्त प्रसिद्ध गोष्टी लिहून होतील आणि आपल्याला नेमकं तेच नकोय.

सगळ्यात आधी ठरवायचं की "दिवस" म्हणजे कधीपासून कधीपर्यंत. हे सोपं वाटतं पण इथेच सगळे घसरतात. कॅलेंडरप्रमाणे रात्री बारा ते रात्री बारा घेतलं तर ४ डिसेंबरचं काय होतं बघा, पाकिस्तानी हवाई दलाने आपल्या विमानतळांवर हल्ला केला तो ३ तारखेला संध्याकाळी पावणेसहाच्या आसपास, तो बाहेर राहतो. लोंगेवालाची खरी लढाई ५ तारखेच्या पहाटे आणि उजाडल्यावर, तीही बाहेर. मग उरतं काय, सुरुवात नसलेली आणि शेवट नसलेली मधली फोड. युद्ध रात्री चालतं हो, आणि रात्र दोन तारखांत विभागलेली असते. म्हणून माझा नियम असा की आदल्या दिवशीच्या सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत घ्यायचं, म्हणजे ३ डिसेंबरची संध्याकाळ ते ५ डिसेंबरची सकाळ. साधारण ३६ तास होतात. मधले २४ तास जाड रेघेत, बाजूचे दोन्ही तुकडे बारीक रेघेत.

"४ डिसेंबरच्या रात्री" असं कुठेही लिहिलेलं दिसलं की थांबा. ती ३ ला सुरू होऊन ४ ला उजाडणारी रात्र की ४ ला मावळल्यावर सुरू झालेली रात्र? मी पहिल्यांदा कागद केला तेव्हा पाकिस्तानची गाझी पाणबुडी बुडाल्याची गोष्ट ४ च्या रात्री टाकली होती, म्हणजे जवळपास चोवीस तास पुढे, आणि मग विक्रांतचं सगळं गणितच उलटंसुलटं दिसायला लागलं. शेवटी अर्धा कागद खोडावा लागला. तेव्हापासून मी प्रत्येक रात्रीला दोन तारखा लिहितो, ३-४ ची रात्र, ४-५ ची रात्र. तुम्हीपण तसंच लिहा.

दुसरी गोष्ट घड्याळं. ह्या एका युद्धात तीन घड्याळं चालू होती. कराचीचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, ढाक्याचं आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे. म्हणजे पाकिस्तानच्याच दोन भागांत (आजचा बांगलादेश तेव्हा पूर्व पाकिस्तान होता) एक तासाचा फरक! आता एखाद्या पाकिस्तानी अधिकाऱ्याने लिहिलेल्या आठवणीत रात्रीची वेळ दिलेली असते आणि आपल्या अहवालात दुसरीच असते, लोक लगेच म्हणतात बघा खोटं बोलतायत, आणि खरं म्हणजे दोघंही बरोबर असतात, घड्याळ वेगळं असतं. अर्ध्या तासाचा फरक दिसला की आधी घड्याळ तपासा, माणसाच्या हेतूवर नंतर या. त्यात अजून न्यूयॉर्क आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत ४ तारखेला अमेरिकेच्या शस्त्रसंधीच्या ठरावावर सोव्हिएत युनियनने व्हेटो वापरला, पण न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, म्हणजे तिथली ४ तारखेची संध्याकाळ म्हणजे आपल्याकडे ५ ची पहाट. सगळ्या वेळा भारतीय वेळेत करून घ्या आणि मूळ वेळ बाजूला पेन्सिलने बारीक लिहून ठेवा, नंतर शंका आली तर कामाला येते.

आता कागदाची आखणी. उभ्या बाजूला तास, आडव्या बाजूला आघाड्या. आघाड्या पश्चिमेकडून पूर्वेकडे लावायच्या म्हणजे कागद नकाशासारखा वाचता येतो. माझे रकाने असे असतात: अरबी समुद्र, राजस्थान-सिंध, पंजाब, जम्मू-काश्मीर, मग मध्ये दिल्ली आणि बाहेरचं जग, मग पूर्व, आणि शेवटी बंगालचा उपसागर. पूर्वेचा, म्हणजे पूर्व पाकिस्तानचा, एकच रकाना ठेवू नका, तिथे सगळं कोंबलं जातं आणि काहीच कळत नाही. पद्मा, जमुना आणि मेघना ह्या नद्यांनी तो प्रदेश चार तुकड्यांत कापलेला आहे आणि सैन्यही तसंच लावलेलं होतं, पश्चिमेकडून जनरल रैनांची दुसरी कोअर (काही डिव्हिजन मिळून होणारी मोठी फौज), वायव्येला जनरल थापन यांची तेहतिसावी कोअर, उत्तरेला जनरल गुरबक्षसिंग गिल यांचा १०१ कम्युनिकेशन झोन, आणि पूर्वेला त्रिपुराच्या बाजूने जनरल सगतसिंग यांची चौथी कोअर. नद्या बघितल्याशिवाय पूर्वेची लढाई समजूच शकत नाही, म्हणून अॅटलास उघडा आणि त्या नद्या आधी निळ्या पेनने गिरवा. वर ईस्टर्न कमांडला जनरल अरोरा आणि समोर ढाक्यात जनरल नियाझी, ही दोन नावं रकान्याच्या डोक्यावर लिहून ठेवा.

भरायला सुरुवात करताना आधी ते टाका जे ४ तारखेला *सुरू झालं नाही*, पण चालू होतं. हे मला खूप उशिरा सुचलं आणि कागद एकदम बदलला. आपल्या डोक्यात असतं की युद्ध ३ तारखेला संध्याकाळी सुरू झालं. पण पूर्वेच्या वायव्य भागातल्या हिलीची लढाई नोव्हेंबरच्या २२-२३ च्या रात्रीपासून चालू होती आणि ४ डिसेंबरलाही चालूच होती, पाकिस्तानची ४ फ्रंटियर फोर्स ही पलटण तिथे चिवटपणे बसली होती, ती ११ डिसेंबरपर्यंत हलली नाही. उत्तरेच्या सीमेवरच्या कमालपूरच्या ठाण्याला वेढा कित्येक दिवसांचा. आखौऱ्याजवळ गंगासागरला लान्स नाईक अल्बर्ट एक्का यांना वीरमरण आलं, त्यांच्या परमवीर चक्राची तारीख ३ डिसेंबर आहे. अशा चालू लढायांसाठी चौकोन न काढता वरून खालपर्यंत एक लांब पट्टा ओढा. पूर्वेचे रकाने अशा पट्ट्यांनी भरतात, पश्चिमेच्या रकान्यांत मात्र असा एकही पट्टा नसतो, तिथे ३ च्या संध्याकाळपासून नुसते चौकोन सुरू होतात. नुसतं बघूनच कळतं की पूर्वेत युद्ध आधीच पेटलेलं होतं आणि पश्चिमेत ते एका संध्याकाळी पेटलं.

आता एकेक चौकोन. ३ ची संध्याकाळ: अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर, अवंतीपूर अशा विमानतळांवर पाकिस्तानी विमानं आली. दिल्लीच्या रकान्यात: इंदिरा गांधी त्या दिवशी कलकत्त्यात होत्या, रात्री दिल्लीला परतल्या आणि मध्यरात्र उलटल्यावर आकाशवाणीवरून देशाशी बोलल्या. पंजाब: संध्याकाळी हुसैनीवाला आणि फाजिल्का दोन्हीकडे हल्ले. काश्मीर: छंबवर जनरल इफ्तिखार जंजुआंच्या २३ डिव्हिजनचा हल्ला, पूंछवर १२ डिव्हिजनचा. पूर्व: त्याच रात्री बांगलादेशच्या किलो फ्लाइटने, म्हणजे मोजून एक ऑटर विमान, एक हेलिकॉप्टर आणि एक जुनं डाकोटा असलेल्या चिमुकल्या हवाई तुकडीने, त्यातल्या पहिल्या दोघांनी चितगाव आणि नारायणगंजजवळच्या तेलसाठ्यांवर हल्ला केला. हे शेवटचं फार कमी लोकांना माहीत असतं, कागदावर जरूर घ्या.

इथे दोन रंगांची गोष्ट येते आणि ह्या सगळ्या पद्धतीत मला सर्वात मोलाची वाटते ती हीच. निळ्या पेनने लिहायचं काय घडलं. लाल पेनने लिहायचं त्या क्षणी तिथल्या माणसांना काय वाटलं, आणि ते बाकीच्यांना कधी कळलं. नुसतं निळं लिहिलंत तर पाठ्यपुस्तक होतं. लाल घातलंत की दिवस जिवंत होतो.

उदाहरण घ्या गाझीचं. निळ्या पेनने: ३-४ च्या मध्यरात्री साधारण सव्वाबाराच्या सुमारास विशाखापट्टणमच्या बाहेर समुद्रात मोठा स्फोट झाला, शहरात तो ऐकू आला, पाकिस्तानची पाणबुडी गाझी आतल्या सगळ्या माणसांसकट बुडाली. ही पाणबुडी विक्रांतच्या मागावर होती. विक्रांत तिथे नव्हतीच, ती अंदमानच्या बाजूला नेऊन ठेवलेली, आणि विशाखापट्टणमजवळ विनाशिका राजपूत विक्रांत असल्याचा आभास तयार करत होती. गाझी कशाने बुडाली ह्यावर आजही दोन मतं आहेत, राजपूतने टाकलेल्या डेप्थ चार्जने (पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बने) असं आपल्याकडे सांगतात, तर पाकिस्तानकडे सुरुंग किंवा आतलाच स्फोट असं सांगतात. दोन्ही लिहा, बाजूला प्रश्नचिन्ह टाका. आता लाल पेन: ४ तारखेला हे कुणाला माहीत होतं? पाकिस्तानच्या नौदलाला आपली पाणबुडी गेल्याचं माहीत नव्हतं. आपल्याकडेही मच्छीमारांना तरंगत्या वस्तू सापडल्या, पाणबुडे खाली गेले, खात्री केली, आणि जाहीर झालं ते ९ तारखेला. म्हणजे ४ तारखेला सकाळी विक्रांतवरून सी हॉक विमानं कॉक्स बझारच्या विमानतळावर गेली आणि दुपारी चितगावकडे गेली, तेव्हा समुद्रात पाणबुडी असू शकते ही भीती डोक्यात ठेवूनच गेली असणार. त्यात विक्रांतच्या बॉयलरला तडा गेलेला, ती पूर्ण वेगाने धावू शकत नव्हती. हा संदर्भ कागदावर शेजारी-शेजारी दिसला की त्या सकाळच्या उड्डाणांकडे बघायची नजरच बदलते.

कराचीचा चौकोन मोठा ठेवा कारण तिथे मजकूर भरपूर आहे. निपात, निर्घात आणि वीर ह्या तीन मिसाइल बोटी, सोबत किल्तान आणि कच्छल ह्या दोन जहाजांची साथ, आणि इंधनासाठी टँकर पोषक. कमांडर बब्रुभान यादव नेतृत्वाला, पुढे त्यांना महावीर चक्र मिळालं. ह्या बोटी मुळात बंदराच्या संरक्षणासाठी बनवलेल्या, फार लांब जायला इंधन पुरत नाही, म्हणून त्यांना सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ आणून तिथून पुढे सोडायचं असं ठरलं होतं. प्रत्येकीवर ४ मिसाइल. रात्रच का निवडली? कारण पाकिस्तानी हवाई दलाकडे रात्री समुद्रात बोटी शोधून मारायची सोय नव्हती, दिवसा मात्र ह्या छोट्या बोटी विमानांपुढे उघड्या पडल्या असत्या. म्हणजे दिवसभर लांब राहायचं, अंधार पडल्यावर उत्तरेला धाव घ्यायची, मारायचं, आणि उजाडायच्या आत जितकं दूर जाता येईल तितकं जायचं. हे सगळं तासांच्या रकान्यात बसवून बघा, सूर्यास्त आणि सूर्योदयाच्या रेघा आधी आखलेल्या असतील तर योजना आपोआप दिसते, कुणी समजावून सांगावी लागत नाही.

रात्री पावणेअकराच्या सुमारास निर्घातने सोडलेलं मिसाइल पाकिस्तानच्या खैबर ह्या विनाशिकेवर आदळलं, मग दुसरं. खैबर बुडाली. वीरने मुहाफिज हे सुरुंग काढणारं जहाज बुडवलं, निपातने व्हीनस चॅलेंजर ह्या मालवाहू जहाजावर आणि शाहजहान ह्या विनाशिकेवर मारा केला आणि एक मिसाइल कराची बंदरातल्या केमारीच्या तेलाच्या टाक्यांकडे सोडलं. हे निळ्या पेनचं. लाल पेनचं हे की खैबरवरून जो संदेश गेला त्यात विमानाने हल्ला केल्याचं म्हटलं होतं. बिचाऱ्यांना आकाशातून एक झगझगीत दिवा येताना दिसला आणि त्यांनी तो विमानाचा समजला. समुद्रातून असं काही येऊ शकतं हे त्या भागात तोवर कुणी पाहिलेलंच नव्हतं. आणि आपल्या बोटींवरची मंडळी सोव्हिएत युनियनमध्ये ट्रेनिंग घेऊन आलेली, ती वायरलेसवर रशियनमध्ये बोलत होती म्हणजे ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये, असं सांगतात. खैबरवरची मरणारी माणसंही माणसंच होती, त्यांच्या चौकोनात मी नेहमी त्यांचा तो संदेश लिहितो.

केमारीच्या आगीबाबत एक लक्षात ठेवा. त्याच दिवशी सकाळी जामनगरहून गेलेल्या हंटर विमानांनीही केमारीच्या टाक्यांना आग लावल्याचं हवाई दलाचे लोक सांगतात, आणि नौदलाचे लोक मिसाइलने लागली म्हणतात. कागदावर दोन्ही चौकोन आपापल्या तासाला येतात, एक सकाळी आणि एक रात्री, म्हणजे भांडायचं कारणच राहत नाही, दोघंही त्या दिवशी तिथे गेले होते. आणि ८-९ च्या रात्री विनाश ह्या मिसाइल बोटीने पुन्हा कराचीवर हल्ला केला त्यातल्या गोष्टी बरेच लोक ४ तारखेत मिसळतात. विनाश, तलवार, त्रिशूल ही नावं दिसली की समजा तुम्ही चुकीच्या रात्रीत आहात. तसंच आपल्या खुकरी ह्या युद्धनौकेचं, ती ९ तारखेला बुडाली. तिचे कॅप्टन मुल्लांची आठवण आली तरी ह्या कागदावर ते अजून जिवंत आहेत.

हा नियम कडक पाळा: पुढचं माहीत असलेलं मागे आणायचं नाही. लोंगेवालाच्या चौकोनात हे सगळ्यात अवघड जातं. ४-५ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरींची २३ पंजाब ह्या पलटणीची एक कंपनी, साधारण १२० माणसं. लेफ्टनंट धरमवीर यांच्या पेट्रोल पार्टीला सीमेकडून रणगाड्यांचे आवाज येतात. आता पंचांग काढा, पौर्णिमा २ डिसेंबरला झालेली, म्हणजे ४ ला संध्याकाळ उलटून थोड्या वेळाने चंद्र उगवलेला आणि मग रात्रभर चांदणं. वाळवंटात चांदण्यात काय दिसतं आणि आवाज किती लांबून येतो ह्याचा विचार करा. तर ४ तारखेच्या चौकोनात तुम्ही फक्त एवढंच लिहायचं: आवाज आले, वर कळवलं, विमानं रात्री येऊ शकत नाहीत कारण जैसलमेरच्या हंटरना रात्री लढायची सोय नाही, उजाडेपर्यंत थांबायचं की मागे सरायचं ह्यातलं थांबायचं ठरलं. बस. रणगाडे किती फुटले ते नाही लिहायचं, ते ५ तारखेचं आहे, आणि ते आकडे असेही प्रत्येक ठिकाणी वेगळे मिळतात. लाल पेनने मात्र एक लिहा, पाकिस्तानी पायदळाला समोर काटेरी तार दिसली आणि त्यांना तिथे सुरुंग पेरलेले आहेत असं वाटलं, म्हणून ते थबकले, त्यात अंधाराचा मौल्यवान वेळ गेला. ५ ची सूर्योदयाची रेघ आणि तिथे हंटर. कागद तिथेच संपतो.

आता जे आपल्याला आवडत नाही ते. हुसैनीवाला. भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांचं स्मारक आहे तीच जागा, खेडच्या राजगुरूंची. १५ पंजाबचे जवान तिथे ३ च्या संध्याकाळपासून लढले, पुलाचा तो पलीकडचा भाग आपल्याला सोडावा लागला. छंबला आपलीच चढाईची तयारी चालू होती आणि त्यातच समोरून जोरदार हल्ला आला, पुढच्या काही दिवसांत मुनव्वर तवी नदीच्या अलीकडे यावं लागलं. फाजिल्क्याला पाकिस्तानच्या ६ फ्रंटियर फोर्सचे मेजर शब्बीर शरीफ पूल धरून बसले, ६ तारखेला मारले गेले, त्यांना निशान-ए-हैदर हे पाकिस्तानचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. ह्या तिन्ही जागा कराचीएवढ्याच मोठ्या चौकोनात लिहा, मी खरंच मनापासून सांगतोय. तिथे जे जवान पडले त्यांच्यासाठी तो दिवस विजयाचा नव्हता, आणि आपण फक्त जिंकलेल्या जागा मांडल्या तर त्यांना आपण कागदावरूनसुद्धा पुसून टाकतो. पूंछ मात्र आपल्याकडेच राहिलं, तेही लिहा, त्याची बातमी कमी होते.

आणि कमालपूर. ४ तारखेलाच हे ठाणं पडलं. ३१ बलुचचे कॅप्टन अहसान मलिक थोड्याशा माणसांनिशी आठवडे-आठवडे वेढ्यात बसून होते, रसद तुटलेली. शेवटी मुक्तिवाहिनीतल्या (बांगलादेशच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या फौजेतल्या) बशीर अहमदच्या हाती शरणागतीचं पत्र देऊन त्याला एकट्याला आत पाठवलं. तो पोरगा पांढरं निशाण घेऊन मोकळ्या मैदानातून चालत गेला तेव्हा त्याच्या मनात काय चाललं असेल ते लाल पेनच्या रकान्यात मला कधी लिहिताच आलेलं नाही, मी तिथे फक्त त्याचं नाव लिहितो. ठाण्याने शरणागती पत्करली आणि नंतर जनरल माणेकशॉंनी त्या पाकिस्तानी कॅप्टनला त्याच्या लढण्याबद्दल कौतुकाचं पत्र पाठवलं. कमालपूर पडल्यामुळे जमालपूरकडचा रस्ता खुला झाला, आणि पुढे १०-११ च्या रात्री त्या जमालपूरला १ मराठा लाइट इन्फन्ट्री लढली. कागदाच्या खालच्या कडेला एक बाण काढून "जमालपूर, १ मराठा" लिहून ठेवा, पुढचा कागद कराल तेव्हा तिथून उचलता येईल.

माहिती कुठून घ्यायची हे बऱ्याच जणांना अडतं. शौर्यपदकांची मानपत्रं सगळ्यात उत्तम, त्यात तारीख, युनिट आणि जागा असते, पण ती एका माणसाबद्दल असतात, आजूबाजूचं चित्र त्यात नसतं. सैन्यदलांचे अधिकृत इतिहास त्यासाठी. दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांच्या आठवणी वाचा, फक्त आपल्याच नको, पराभवाची चौकशी करणाऱ्या पाकिस्तानच्या हमूदुर रहमान आयोगाचा अहवालही बघा. वर्तमानपत्रं वाचताना लक्षात ठेवा की ४ चं युद्ध ५ च्या अंकात येतं आणि रात्रीचं तर ६ च्या, शिवाय युद्धाच्या काळात दोन्हीकडचे सरकारी दावे फुगलेले असतात, विशेषतः पाडलेल्या विमानांचे आकडे. मी ते आकडे कागदावर घेतच नाही, फार तर "भारताचा दावा", "पाकिस्तानचा दावा" असं बाजूला. एकाच ठिकाणी मिळालेली गोष्ट पेन्सिलने, दोन वेगळ्या बाजूंनी मिळाली तरच पेनने.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जरूर विचारा, पण कसं विचारता त्यावर सगळं आहे. "१९७१ च्या युद्धाबद्दल सांगा ना" म्हटलं की आजी तेच सांगणार जे नंतर सगळ्यांनी ऐकलं. त्यापेक्षा विचारा, काचांना काळा कागद कोणी लावला होता, सायरन वाजला की तुम्ही कुठे बसायचा, रेडिओ कोणाच्या घरी होता, शनिवार होता तर शाळा अर्धा दिवस होती का. हो, ४ डिसेंबर १९७१ शनिवार होता. असं विचारलं की खरी आठवण बाहेर येते. फक्त ती १९६५ ची नाही ना ते तपासा, त्या दोन युद्धांतले ब्लॅकआउट लोकांच्या डोक्यात एकमेकांत मिसळलेले असतात. "तेव्हा तुझं लग्न झालेलं का, मोठी मुलगी केवढी होती" असं विचारलं की साल पक्कं होतं. ह्या आठवणींसाठी मी अगदी डावीकडे एक अरुंद रकाना ठेवतो, "घर" असा. सैन्यातलं कुणी घरात असेल तर त्यांना आधी विचारा की बोलायचं आहे का, नाही म्हणाले तर विषय सोडून द्या.

सगळं भरून झालं की एक काम करा, कागदावर आडवी पट्टी ठेवा आणि एका तासावर थांबा. समजा ४ ची रात्र, अकरा. पट्टीच्या रेषेत डावीकडे खैबर जळतेय, शेजारी वाळवंटात चांदणं आणि दूरवर इंजिनांची घरघर, पंजाबात हुसैनीवाल्याजवळ थकलेली माणसं, छंबला तोफा, दिल्लीत दिवे बंद, पूर्वेला हिलीच्या खंदकात ओल आणि थंडी, विक्रांतवर दुसऱ्या दिवशीच्या उड्डाणांची तयारी, आणि विशाखापट्टणमजवळ समुद्राच्या तळाशी गाझी, जिच्याबद्दल अजून कोणी काही जाहीर केलेलं नाही. ह्यातल्या एकालाही बाकीच्यांचं काही माहीत नाही. पट्टी खाली सरकवत न्या, प्रत्येक तासाला दोन मिनिटं थांबा. मुलांबरोबर करत असाल तर पट्टी त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही वाचून दाखवा, त्यांना जास्त लक्षात राहतं.

हीच पद्धत दुसऱ्या दिवसांनाही चालते. ७ डिसेंबर १९४१ करून बघायचा असेल तर एक धोका आधीच सांगून ठेवतो, पॅसिफिकमध्ये तारीखरेषा आडवी येते. जपानी सैन्य मलायात कोटा बारूला उतरायला लागलं ते पर्ल हार्बरच्या हल्ल्याच्याही आधी, पण कॅलेंडरवर कोटा बारूची तारीख ८ आणि पर्ल हार्बरची ७. तारखेप्रमाणे मांडलंत तर आधीचं नंतर येईल. तिथे सगळं ग्रीनिच वेळेत करा. पहिला कागद मात्र ४ डिसेंबरचाच घ्या, ठिकाणं ओळखीची आहेत आणि विचारायला माणसं अजून आहेत.

कागद झाला की पेन्सिलने लिहिलेलं लगेच पेनने पक्कं करू नका, कागद महिनाभर भिंतीवर राहू द्या. येणारा-जाणारा बघतो, कोणीतरी म्हणतं आमचे काका तेव्हा पूंछला होते, आणि तुम्हाला एक नवा चौकोन मिळतो.